चाळणीला मोटर: मगनवाडीत न विचारला गेलेला एक प्रश्न

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात वाणीविषयी एक सूक्त आहे. त्यात सातूचे पीठ चाळण्याची उपमा येते: पीठ चाळून शुद्ध करावे, तशी शहाणी माणसे मनाने भाषा चाळून घेतात. चाळणीसाठी तिथे ‘तितउ’ हा शब्द आला आहे. व्याकरण कशासाठी शिकायचे, हे सांगताना पतंजलीने महाभाष्याच्या प्रारंभीच ही ऋचा घेतली आणि तितउ म्हणजे गाळून-चाळून स्वच्छ करण्याचे साधन असा खुलासाही केला. एकाच शब्दात दोन स्वर असे शेजारी-शेजारी येणे संस्कृतात दुर्मीळ. त्यामुळे भाषेच्या वर्गात या शब्दाची आठवण हमखास निघते. पण निघते ती त्याच्या रूपासाठी. ज्या वस्तूचे ते नाव आहे, ती वस्तू आणि ती हलवणारे हात यांच्याकडे वर्गातले लक्ष जात नाही.

मराठीत आपण पीठ चाळतो, रेती चाळतो आणि पुस्तकही चाळतो. पावसाळ्यात रस्त्यांची चाळण होते. जुनी आठवण मन चाळवते. या सगळ्यांच्या मुळाशी हलणे आहे, ‘चल्’ आहे. भाषेने इथे वस्तूचे मर्म बरोबर पकडले आहे, असे म्हणायला हवे. भोके जाळ्यालाही असतात, खिडकीच्या जाळीलाही असतात. पण त्यांना कोणी चाळणी म्हणत नाही. चाळणी हलली, तरच चाळते. आणि चाळणी स्वतः हलत नाही. ती कोणी हलवायची, आणि किती वेळ, एवढ्याच प्रश्नाचा इतिहास इथे पाहायचा आहे. तो पाहायला वर्ध्याइतकी योग्य जागा दुसरी नाही, कारण यंत्राने काय करावे आणि हाताने काय करावे यावर या देशात जेवढी चर्चा झाली, तिच्यातला मोठा भाग या गावाच्या चार-पाच मैलांच्या परिघात झाला.

पिपरी मेघे हे वर्धा शहराला चिकटून असलेले गाव. सावंगी, बोरगाव, सिंदी आणि पिपरी या गावांच्या नावांमागे लागलेले ‘मेघे’ हे बिरुद वर्ध्याच्या माणसाला सांगावे लागत नाही. शहर वाढत गेले, तशी या गावांच्या शिवारांत ‘लेआउट’ पडले. (हा इंग्रजी शब्द विदर्भात इतका रुळला आहे की, त्याला मराठी पर्याय शोधणारा माणूसच परका वाटावा.) कालपर्यंत ज्या काळ्या जमिनीत कापूस होता, तिथे प्लॉट पडले आणि घरे उभी राहू लागली. घर बांधायचे म्हणजे रेती आणि मुरूम आलाच. पायाच्या खड्ड्यातून निघालेली काळी माती मग अंगणात किंवा रस्त्याकडेला पडून राहते. तिच्यातून खडे, विटांचे तुकडे, प्लास्टिक आणि मुळ्या वेगळ्या केल्या, तर ती परसबागेला सोन्यासारखी. न केल्या तर नुसता ढिगारा.

ज्याने ही माती हातात घेतली आहे, त्याला ती चाळणे म्हणजे काय हे ठाऊक असते. काळी माती ओली असताना चिखल होऊन जाळीला लिंपून बसते आणि पूर्ण वाळली की तिची ढेकळे दगडासारखी होतात. दोन्हींच्या मधली एक अवस्था असते. शेतकरी तिला ‘वाफसा’ म्हणतो. पेरणीसाठी जो वाफसा लागतो, जवळजवळ तोच चाळण्यासाठीही लागतो. आणि तो टिकतो थोडे दिवस. म्हणजे चाळण्याचे काम वर्षभर सावकाश पसरून करता येत नाही. ते एकदम येते आणि एकदम उरकावे लागते. गावाच्या बोलीत जमिनीचे जे दोन भाग आहेत, पिकाची काळी आणि वस्तीची पांढरी, त्यांपैकी पांढरी पूर्वीपासून भिंतींसाठी चाळली जात असे. काळी चाळण्याची गरज त्या मानाने कमी पडे, कारण शेतात ती नांगर आणि वखर फोडत असत. काळी माती चाळावी लागणे हा वस्ती शेतावर सरकल्याचा एक छोटासा परिणाम आहे.

हे काम आजवर कसे होत आले? बांधकामावर चार-पाच फुटांची जाळीची चौकट टेकू देऊन तिरपी उभी करायची आणि फावड्याने तिच्यावर रेती किंवा माती फेकायची. बारीक ते पलीकडे पडते, जाडे ते घसरून पायाशी येते. हे तुलनेने सोपे. याहून कष्टाचा प्रकार म्हणजे दोघांनी जाळीची चौकट दोन्ही बाजूंनी धरून हलवणे. त्याहूनही कष्टाचा म्हणजे एकटीने बसून गोल चाळणीने घमेले-घमेले चाळणे. विदर्भात बांधकामावरच्या मजूर बाईला ‘रेजा’ म्हणतात. फेकणे पुष्कळदा पुरुषाकडे. चाळणे, भरणे आणि वाहून नेणे रेजाकडे. मजुरीत या कामाला वेगळे नाव नाही, वेगळा दर नाही. ते ‘वरकाम’ आहे.

या वरकामाला आता मोटर लागते आहे. आणि ती कारखान्यातून तयार होऊन आलेलीच असते असे नाही. वेल्डिंगच्या दुकानात किंवा घराच्या मागच्या अंगणात, हाताशी असलेल्या सामानातून चाळण्याचे यंत्र बांधता येते. त्याची रचना थोडी तपशिलाने सांगतो, कारण पुढचा सगळा वाद या तपशिलावर उभा आहे.

सायकलच्या तीन-चार जुन्या रिंगा घ्यायच्या. दुधवाल्याच्या मोठ्या सायकलची ‘अठ्ठावीस इंची’ म्हणून ओळखली जाणारी रिंग प्रत्यक्षात साधारण २५ इंच व्यासाची असते. या रिंगा फूट-दीड फुटाच्या अंतराने उभ्या ठेवून लोखंडी पट्ट्यांनी जोडल्या की पिंपाचा सांगाडा होतो. त्याला पाव किंवा अर्ध्या इंचाची तारेची जाळी गुंडाळायची. पाच-सहा फूट लांबीचे हे जाळीचे पिंप चार छोट्या चाकांवर आडवे ठेवायचे. एक टोक किंचित उंच, दुसरे किंचित खाली. खालच्या चौकटीला अँगल लागतात. कुलरचा जुना लोखंडी स्टँड त्यासाठी उत्तम. उंच टोकाकडून माती टाकायची. पिंप फिरू लागले की माती आत वर चढते, कोसळते, पुन्हा चढते. या कोसळण्यानेच ढेकळे फुटतात. बारीक माती जाळीतून खाली पडते आणि खडे, मुळ्या हळूहळू पुढे सरकत दुसऱ्या टोकातून बाहेर येतात.

अडचण वेगाची असते. घरगुती गिरणीची किंवा तशीच एखादी अर्ध्या अश्वशक्तीची मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. पिंप एवढ्या वेगाने फिरवले तर काहीच चाळले जाणार नाही. माती जाळीच्या आतल्या बाजूला दाबली जाऊन पिंपाबरोबरच गोल फिरत राहील. २५ इंची पिंपासाठी ही मर्यादा मिनिटाला सुमारे ५३ फेऱ्यांची आहे, आणि काम चांगले होते ते त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे १४४० चे २८-२९ करायचे. मोटरीवर अडीच इंची पुली, तिच्यावरून पट्टा साडेबारा इंची पुलीवर: झाले २८८. त्याच दांड्यावर पुन्हा एक अडीच इंची पुली आणि तिच्यावरून दुसरा पट्टा थेट पिंपाच्या २५ इंची रिंगेवर: झाले २८.८. गंमत अशी की, एक रिंग जाळीच्या बाहेर मोकळी ठेवली तर टायर बसण्याची तिची खाच पट्ट्यासाठी आयतीच मिळते. सायकलचे चाक स्वतःच पुली होते.

अशा वस्तूला हल्ली ‘जुगाड’ म्हणून कौतुकाने पाठ थोपटण्याची रीत पडली आहे. मला तो शब्द इथे नकोसा वाटतो. जुगाडात वेळ मारून नेणे आहे. इथे हिशेब आहे. शिवाय फिरत्या पिंपाची चाळणी ही काही आपल्या अंगणात उगवलेली कल्पना नाही. युरोपातल्या खाणींमध्ये खनिज चाळण्याचे काम किती महत्त्वाचे होते, हे १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या आग्रिकोलाच्या खाणकामावरील ग्रंथात दिसते. तिथे हातांनी आणि दोरीला टांगून हलवायच्या चाळण्या आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकात कोळसा, खडी आणि सोन्याची वाळू यांसाठी फिरती पिंपे सर्रास वापरली जाऊ लागली. त्यांना ‘ट्रॉमेल’ म्हणतात. जर्मन भाषेत ट्रॉमेल म्हणजे ढोल. खाणीच्या मालकाला चाळणीचा खर्च दिसत होता, कारण ती हलवणाऱ्याला त्याला मजुरी द्यावी लागत होती. घरातल्या आणि शेतातल्या चाळणीचा खर्च कोणाला दिसत नव्हता.

आता पिपरीहून मगनवाडीकडे वळू. अंतर फार नाही.

काँग्रेसच्या १९३४ च्या मुंबई अधिवेशनातील ठरावानुसार त्याच वर्षी डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष, जे. सी. कुमारप्पा चिटणीस. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि त्यातले घर संघाला दिले. १९२८ साली निवर्तलेल्या मगनलाल गांधींच्या नावावरून त्या जागेचे नाव मगनवाडी पडले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले. तिथे घाणी सुधारली. झवेरभाई पटेलांच्या प्रयत्नांतून आकाराला आलेली घाणी पुढे ‘वर्धा घाणी’ म्हणूनच ओळखली गेली. रॉकेलऐवजी गोड्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ तिथे तयार झाला. हातकागद झाला, चूल झाली, मधमाश्या झाल्या. मगनवाडी म्हणजे यंत्राला विरोध करणाऱ्यांचा मठ, हा समज कुठून आला कोण जाणे. तिथे सकाळ-संध्याकाळ यंत्रांचीच चर्चा चाले; फक्त प्रश्न वेगळा असे. यंत्र कोणाच्या हातात राहील, कोणाचे हात रिकामे करील, आणि मोडले तर गावात दुरुस्त होईल का?

‘हिंद स्वराज्य’ लिहिणाऱ्या १९०९ च्या गांधींपासून मगनवाडीत राहणाऱ्या १९३५ च्या गांधींपर्यंतचा प्रवास या प्रश्नांच्या आधाराने वाचावा लागतो. १९२४ मध्ये त्यांनी शिवणयंत्राला आपल्या आक्षेपातून वगळले. कारण कौटुंबिक होते, आणि म्हणूनच मोलाचे: सिंगरने आपल्या बायकोला हाताने टाके घालताना पाहिले आणि तिचे कष्ट वाचावेत म्हणून ते यंत्र केले, असे त्यांचे म्हणणे होते. नोव्हेंबर १९३४ मध्ये ‘हरिजन’मध्ये त्यांनी कसोटी मांडली: कामाच्या मानाने हात कमी असतील तिथे यंत्र चांगले, हात कामापेक्षा जास्त असतील तिथे ते वाईट. आणि २२ जून १९३५ च्या अंकात, स्वतः मगनवाडीत राहत असताना, त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. गावातल्या घराघरांत वीज आली आणि गावकऱ्यांनी आपली अवजारे विजेवर चालवली तर आपली हरकत नाही, असे ते म्हणाले. अट एवढीच की, वीजघर गावाच्या किंवा सरकारच्या मालकीचे असावे, गायरानासारखे.

गायरानासारखे! ही उपमा मला फार मोलाची वाटते. विजेची कल्पना त्यांनी गावाच्या जुन्या सामायिक मालकीच्या शब्दांत बसवून पाहिली. पिपरीच्या अंगणातल्या अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरीला सैद्धांतिक परवाना हवाच असेल, तर तो इथे आहे.

पण परवाना मागितला कोणी? वर्ध्याच्या त्या सगळ्या चर्चेत चाळणी जवळजवळ कुठेच नाही. आणि ती असायला हवी होती, कारण मातीचे काम तिथे चोहोकडे चालू होते. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले. तिथले घर स्थानिक साहित्यातून आणि शंभर रुपयांच्या आत व्हावे असा त्यांचा आग्रह होता. भिंती मातीच्या होत्या. भिंतीची माती खडे-मुळ्या काढल्याशिवाय तुडवता येत नाही. ती कोणीतरी चाळली. आदि निवासाविषयी आपण शंभर वेळा वाचतो. त्याची माती चाळणाऱ्यांविषयी एकदाही नाही.

खताची गोष्ट तर आणखी ठळक आहे. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली आणि १९३१ मध्ये त्यावरचे पुस्तक दोघांच्या नावाने निघाले. (हॉवर्डचे नाव जगभर झाले. वाडांचे नाव मराठी वाचकालाही नव्याने सांगावे लागते. असो.) या पद्धतीत गोठ्यातील जमिनीची मूत्राने भिजलेली माती ठरावीक काळाने खणून काढून खतात घालायची असते. तिची मोठी ढेकळे फोडण्यासाठी त्यांनी चुन्याची घाणी वापरली. म्हणजे माती बारीक करणे हे यंत्राचे काम आहे, हे इंदूरला मान्य होते. गांधीजींनी एप्रिल १९३५ मध्ये ही संस्था पाहिली. पुढे डिसेंबर १९४७ मध्ये मीराबेनच्या प्रेरणेने दिल्लीत अखिल भारतीय कंपोस्ट परिषद भरली. कंपोस्ट हा वर्धा विचाराचा भाग झाला. चुन्याची घाणी मात्र इंदूरलाच राहिली.

याच परंपरेतले पुढचे नाव यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांचे. त्यांची खताची टाकी ‘नाडेप’ या नावाने देशभर गेली. ‘ना. दे. पां.’ या मराठी आद्याक्षरांचा इंग्रजी लिपीत जाऊन मराठीत परतताना ‘नाडेप’ झाला, आणि ‘दे’चा ‘डे’ झाल्याचे कोणाला खटकलेही नाही. भाषेच्या अभ्यासकाने जपून ठेवावे असे हे उदाहरण आहे. तर ही टाकी म्हणजे विटांची, भिंतीत हवेसाठी भोके ठेवलेली, साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच. तिच्यात भरायचे साहित्य असे: काडीकचरा १४०० ते १५०० किलो, शेण ९० ते १०० किलो, पाणी १५०० ते २००० लिटर आणि सुकी, चाळलेली माती १७५० किलो.

या यादीत शेणाचा आकडा लहान आहे, आणि सगळे कौतुक त्याचेच झाले. एका गाईच्या शेणात टनावारी खत, ही या पद्धतीची ओळख बनली. ते कौतुक योग्यच आहे. पण मातीचा आकडा पाहा. १७५० किलो म्हणजे अंदाजे १२० टोपल्या. ‘चाळलेली’ हे विशेषण तिथे असे येते की, जणू माती शेतात चाळलेलीच सापडते. एक टोपले चाळायला पाच मिनिटे धरली तर १२० टोपल्यांना दहा तास झाले. भरणे, ओतणे, वाहणे वेगळेच. आणि हे टाकी भरण्यापूर्वीचे. तीन-चार महिन्यांनी खत तयार झाले की, ते पुन्हा चाळायचे. त्यासाठी फुटाला ३५ तारा असलेली जाळी सांगितली जाते. म्हणजे दोन तारांमध्ये साधारण एक तृतीयांश इंच. खाली पडते ते खत. वर राहिलेले अर्धे कच्चे पुढच्या टाकीत जाते. एका टाकीमागे दोन चाळण्या, त्यांपैकी एक पावणेदोन टनांची. कृतीच्या पुस्तिकांमधून हे काम एका विशेषणात आणि एका क्रियापदात आटोपते.

चरख्याशी याची तुलना करून पाहू. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळचे एक लाख! अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलके आणि सहज उचलून नेता येण्याजोगे असावे. गावातल्या साध्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यावे. किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नसावी. वेळच्या वेळी देखभाल केल्यास २० वर्षे चालावे. आणि बाईला ते सलग आठ तास फार श्रम न होता चालवता यावे. बक्षीस शेवटी कोणालाच मिळाले नाही. पण शेवटची अट पाहा. यंत्राच्या गुणवत्तेचे माप म्हणून बाईचे शरीर आणि तिचा आठ तासांचा दिवस त्या अटीत धरला आहे. हे १९२९ साली लिहिले गेले, ही लहान गोष्ट नाही.

चाळणीच्या वाट्याला असे बक्षीस आले नाही. का? मला दोन कारणे दिसतात. चरख्यातून सूत निघते. ते मोजता येते, विकता येते, त्याचा झेंडाही करता येतो. चाळण्यातून नवीन काहीच निघत नाही. माती होती, मातीच राहिली. ज्या कामातून वस्तू जन्मत नाही, त्याला आपण काम म्हणायला बिचकतो. निवडणे, पाखडणे, चाळणे, सारवणे ही सगळी क्रियापदे याच रांगेत बसलेली आहेत. दुसरे कारण पहिल्याला लागूनच आहे. ही क्रियापदे बायकांची आहेत. सिंगरला बायकोचे टाके दिसले, कारण टाके कापडावर उरतात. चाळणीवर फिरलेला हात मातीत उरत नाही.

याच्या उलट बाजूही आहे, आणि ती टाळता येणार नाही. हात जास्त आणि काम कमी ही गांधीजींची कसोटी महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळानंतर कायद्यात आणली. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. खडी फोडणे, माती खणणे, बांध घालणे या कामांवर बायका हजारोंनी आल्या. २००५ च्या केंद्रीय कायद्यातही मजूर हटवणारी यंत्रे शक्यतो वापरू नयेत असा दंडक घातला गेला. मातीचे काम हीच ज्या बाईची मजुरी आहे, तिच्यासमोर मातीचे यंत्र आणून ठेवताना आपण तिचे कष्ट वाचवतो की तिचा दिवस काढून घेतो? पिपरीतल्या एखाद्या घरमालकाने अंगणात पिंप बसवले, तर त्याने स्वतःची कंबर वाचवली. कंत्राटदाराने बसवले, तर दोन रेजांचे काम गेले. यंत्र तेच, पुलींचा हिशेब तोच. ‘घरगुती’ या विशेषणाने हा फरक झाकला जातो. म्हणून यंत्र कोणाचे, हा मगनवाडीचा प्रश्न जुना झालेला नाही. माझ्यापुरते उत्तर असे: जिथे चाळणे बिनमजुरीचे आहे, घरच्या बाईवर किंवा शेतात राबणाऱ्या कुटुंबावर पडणारे आहे, तिथे मोटर लावण्यात एका दिवसाचाही उशीर नको. जिथे ते मजुरीचे आहे, तिथे यंत्र मजुरांच्या गटाचे असावे. बचत गटाच्या गांडूळखताच्या शेडमध्ये एक पिंप असणे आणि कंत्राटदाराच्या ट्रॅक्टरमागे ते असणे यांत फार अंतर आहे.

आता या पिंपाला चरख्याच्या अटी लावून पाहू. उचलून नेता येईल? दोघांनी धरून, होय. किंमत? भंगाराचे भाव पाहता, बहुतेक होय. खर्च मोटरीचा आणि जाळीचा. गावात दुरुस्त होईल? सायकलची रिंग, पट्टा, पुली आणि वेल्डिंग, यांतले एकही गावाबाहेरचे नाही. वीस वर्षे चालेल? जाळी चालणार नाही, ती गंजते आणि फाटते; सांगाडा चालेल. हात-पायाने चालवता येईल? मोटरऐवजी दांडा बसवला तर होय, आणि गांडूळखतासाठी हाताने फिरवायची अशी पिंपे वापरलीही जातात. ढेकळांच्या काळ्या मातीला मात्र हाताचे पिंप फार दमवते.

राहिली बाईची अट. इथे हे यंत्र अडखळते. चाळणाऱ्या हाताची जागा मोटरीने घेतली, तरी माती ओतणारे हात उरतातच, आणि ते आता फिरत्या पट्ट्याशेजारी आहेत. पदर आहे, ओढणी आहे, सैल बाही आहे. यातला धोका कल्पनेतला नाही. मळणीयंत्राला वीज आणि डिझेल लागले, तेव्हा देशभरात इतके हात आणि बोटे तुटली की संसदेला १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. कारखान्यातून विकल्या जाणाऱ्या यंत्राला असा कायदा लागू होतो. अंगणात जोडलेल्या पिंपाला कोणता कायदा लागू होणार? तिथे कायदा म्हणजे जोडणाऱ्याची अक्कल. पट्टा आणि पुली यांच्यावर पत्र्याचे झाकण हवे, आणि ते खिळ्याने नव्हे, बोल्टने बसवलेले हवे; खिळ्याचे झाकण एकदा निघाले की पुन्हा बसत नाही.

धुळीचेही तसेच. हाताने चाळताना धूळ उडते, पण हात थकतो आणि थांबतो, तेवढ्यात धूळ बसते. मोटर थांबत नाही. कोरड्या मातीचा आणि रेतीचा बारीक कण छातीत जातो तो परत येत नाही, हे दगडखाणींतल्या मजुरांनी पुरेसे भोगले आहे. पिंपावर ओले गोणपाट टाकले, वाऱ्याची दिशा पाहून उभे राहिले आणि तोंडाला कापड बांधले, तर बराच फरक पडतो. वाफशावर चाळली तर धूळ मुळातच कमी. इथे जुना शब्द नव्या यंत्राला उपयोगी पडतो.

आणि शेवटी बटण. माती टाकायची ती पिंपाच्या उंच टोकाकडून. मोटर असते दुसऱ्या टोकाला, खाली, चौकटीला बसवलेली, आणि बटण मोटरीलाच लावून मोकळे होणे सोपे पडते. म्हणजे पदर अडकला तर ज्या बाईला यंत्र थांबवायचे आहे, तिच्यापासून बटण पिंपभर लांब. ते तिच्या हाताशी आणायला सहा-सात फूट वायर जास्त लागते.